वाजलं पाहिजे!

वाई आणि आसपासच्या गावांत दणदणीत वाद्य ठरवण्याचे प्रसंग मुख्यतः चार: लग्न, गणेशोत्सव, गावची जत्रा आणि निवडणुकीचा निकाल. पहिल्या तिन्हींत वाद्य कोणाच्या दारात वाजायचे हे आधीपासून ठाऊक असते. चौथ्यात तारीख ठाऊक असते, दार ठाऊक नसते. म्हणून मुरलेला वाजंत्री दोन्ही उमेदवारांचा इसार घेऊन ठेवतो आणि मोजणी संपेपर्यंत निवांत चहा पितो. या चारांत लग्नातली निवड सर्वांत अवघड, कारण तिथे ठरवणारे पुष्कळ असतात आणि पैसे मोजणारा एकच.

ठरवणाऱ्या मंडळींची रचना बहुतेक घरांत सारखीच आढळते. नवऱ्या मुलाचा मामा सनई-चौघड्याचा आग्रह धरतो, कारण त्याच्या लग्नात सनई होती. थोरल्या चुलत्याला ब्रास बँड हवा असतो, कारण त्याच्या लग्नात तो परवडला नव्हता. दाजींना काहीच नको असते, पण त्यांना विचारले नाही तर ते जेवायला बसत नाहीत. मित्रमंडळींचे मत पक्के असते आणि ते ट्रकशिवाय हलत नाही. नवऱ्या मुलाला कोणी विचारत नाही. त्या दिवशी तो घोड्यावर असतो आणि घोडा वाजवणाऱ्यांना सर्वांत जवळ असतो, एवढाच त्याचा या विषयाशी संबंध. तास-दोन तासांच्या वादानंतर घरातले एखादे वडीलधारे माणूस शेवटचा शब्द टाकते, "काय बी आणा, पण वाजलं पाहिजे!" आणि बैठक उठते. काय वाजले पाहिजे, हा प्रश्न तोवर कोणाच्याच डोक्यात आलेला नसतो.

तो न येण्याला कारण आहे. मैफलीतले गाणे माणूस स्वतःच्या कानासाठी निवडतो. दणदणीत वाद्य दुसऱ्याच्या कानासाठी निवडले जाते, आणि तो दुसरा जितका लांबचा, तितकी निवड चांगली समजतात. वरात मधल्या आळीतून निघाली आणि "पार बावधन नाक्यापर्यंत ऐकू गेलं" असे कोणी सांगितले, की पैसे वसूल. बावधन नाक्यावर त्या वेळी एसटीची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाला लग्न कोणाचे हे माहीत नसते आणि माहीत करून घ्यायचेही नसते. तरी सगळा खटाटोप त्याच्यासाठी चाललेला असतो. ज्यांच्या घरचे कार्य आहे ती माणसे वाद्यापासून दहा पावलांवर असतात आणि त्यांनी कानांत बोटे घातलेली असतात.

या जातीच्या संगीताचे जगातले सर्वांत नामांकित घराणे म्हणजे जॅझ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात, कृष्णवर्णीय वादकांच्या हातून ते घडले. आज जॅझ म्हटले की मंद दिवा, काचेचा पेला आणि डोळे मिटून मान हलवणारा गृहस्थ नजरेसमोर येतो. मूळ प्रकार असा नव्हता. लष्करी बँडांची पितळी वाद्ये, रस्ता, मिरवणूक आणि गर्दी, यांत ते वाढले. तिथे माणूस वारला की बँड दफनभूमीपर्यंत संथ प्रार्थनागीते वाजवत जाई, आणि दफन उरकून परतताना तोच बँड उसळत्या ठेक्यावर वाजवू लागे. ही प्रथा अजून आहे. बँडमागून नाचत येणाऱ्या लोकांना तिथे 'दुसरी रांग' म्हणतात. वाईच्या वरातीशी हे सगळे बरेच जुळते. फरक एवढाच, की न्यू ऑर्लिन्समध्ये नाचणारे बँडच्या मागे असतात आणि वाईत पुढे. मागे नाचणाऱ्याला बँडबरोबर चालावेच लागते. पुढे नाचणारे थांबले की बँड थांबतो, बँडमागे घोडा थांबतो, घोड्यामागे वऱ्हाड थांबते, आणि किसनवीर चौकातून निघालेली मिरवणूक कार्यालयात पोचेपर्यंत भटजींनी दोनदा घड्याळ आणि एकदा पंचांग पाहिलेले असते.

जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ सालची. वाजवणारे न्यू ऑर्लिन्सचेच, पण गोरे; 'ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड' हे त्यांचे नाव. त्या मुद्रिकेतल्या एका तुकड्यात क्लॅरिनेट कोंबड्यासारखे आरवते, कॉर्नेट घोड्यासारखे खिंकाळते आणि ट्रॉम्बोन गाईसारखा हंबरतो. अमेरिकेत ती हातोहात खपली. वाई तालुक्यात हे तिन्ही आवाज पहाटे विनामूल्य मिळत असल्याने इथे तिला गिऱ्हाईक लाभले असते का, याविषयी शंका घ्यायला जागा आहे.

महाराष्ट्रात जॅझ आले ते रस्त्याने नव्हे, हॉटेलाच्या जिन्याने. १९३५ साली लिऑन ॲबी या व्हायोलिनवादकाने कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणला. त्यामागून टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. तिथे साहेब आणि संस्थानिक नाचत. पण बँडांची संख्या वाढली तशी वाजवणारी माणसे कमी पडू लागली, आणि ती गोव्याने पुरवली. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना प्रार्थनेसाठी व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवत. त्या विद्येच्या बळावर ही मुले मुंबईत येऊन रात्री फॉक्सट्रॉट वाजवू लागली. ज्या पाद्रींनी शिकवले त्यांना हा पाठ्यक्रमाचा पुढचा भाग ठाऊक नसावा. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हिएर वाझ हे त्यांतले सर्वांत गाजलेले ट्रंपेटवादक. ढब लुई आर्मस्ट्राँगची, आणि धंद्यातले नाव चिक चॉकलेट.

हॉटेलातून जॅझ सिनेमात उतरले, आणि इथे मराठी माणसाचा हात लागला. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी गोव्याच्या वादकांना हाताशी धरून हिंदी गाण्यात ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि बाँगो घुसवले. १९५१ च्या 'अलबेला'त चिक चॉकलेट आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. त्या चित्रपटाचे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवान आभाजी पालव हे गिरणी कामगाराच्या घरातून आलेले. भगवानदादांनी पडद्यावर जे नृत्य केले ते या विषयाच्या अभ्यासकाला फार महत्त्वाचे आहे. कोपरातून वाकलेले हात छातीच्या पातळीवर, खांदे हलते, कंबर निम्मी हलती, आणि पाय जवळजवळ जागच्या जागी. या नाचाला तालीम लागत नाही, जागा लागत नाही, बारीक कंबर तर मुळीच लागत नाही. महाराष्ट्रातल्या चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांना वरातीत आणि विसर्जनात नेमके असेच नाचता येते, याचे कारण तिथे शोधावे. सनईसाठी भांडलेला मामासुद्धा बँड सुरू झाला की खांदे याच चालीने हलवतो. न्यू ऑर्लिन्सहून ताजमध्ये, ताजमधून स्टुडिओत, स्टुडिओतून ब्रास बँडच्या क्लॅरिनेटमध्ये आणि तिथून मामांच्या खांद्यांत, असा जॅझचा वाईपर्यंतचा प्रवास आहे.

वाईला मात्र मोठ्या आवाजासाठी अमेरिकेवर अवलंबून राहण्याची गरज कधीच नव्हती. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा घरी आणल्या; त्यांतली एक मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे. वाद्य कोणत्या देवाचे आहे यापेक्षा किती लांबवर ऐकू जाते हे पाहण्याची या भागाची रीत निदान तेवढी जुनी. पुढे याच तालुक्यातल्या पसरणीने शाहीर साबळे दिले. शाहिराचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा तो गळ्यातून, कर्ण्यातून नव्हे, हे आता मुद्दाम सांगावे लागते.

निवडीला आज सहा पर्याय आहेत. त्यांत सनई-चौघडा हा वस्तुतः मामांचे मन राखण्यापुरता उरला आहे. तो कार्यालयाच्या दारात, बहुधा पेनड्राइव्हमधून वाजतो. उरलेले पाच गंभीरपणे विचारात घ्यावे लागतात.

हलगी हे आकाराच्या मानाने सर्वांत मोठ्या आवाजाचे वाद्य. कड्यावर ताणलेले कातडे, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक छडी, एवढाच संसार. दमट हवेत कातडे सैल पडते, म्हणून वाजवण्याआधी हलगी जाळावर शेकतात; मग ती टणत्कारते. पावसाळ्यात हलगीवाल्याबरोबर एक माणूस सदैव कागद आणि पाचट गोळा करताना दिसतो, आणि लग्नपत्रिका नेमक्या कुठे जातात याचा उलगडा तिथे होतो. घुमकं आणि कैताळाच्या साथीने हलगी कुस्तीच्या मैदानात कडाडू लागली, की प्रेक्षकांतला दमेकरीही शड्डू ठोकतो. हलगीत सूर नाही असा आक्षेप घेणारे लोक जॅझमधल्या ड्रमवाल्याविषयी तसे कधी बोलत नाहीत. वास्तविक लयीची गुंतागुंत, ठेक्याच्या आत ठेका धरणे, समेवर न येता येण्याची हूल देणे, हे सगळे हलगीवाला उभ्याउभ्या करतो. त्या कसबाच्या मानाने त्याला मिळणारे पैसे आणि पंगतीतली जागा दोन्ही कमी आहेत, आणि ही गोष्ट लग्नघरांना शोभत नाही.

ढोल-ताशा पथकाविषयी थोडक्यात एवढेच, की त्यात वाजवणारे ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त असतात. त्यांना भगवा झेंडा, पांढरा सदरा आणि फोटो काढणारा मित्र लागतो. वाईच्या आळीत पन्नास ढोल उभे राहिले तर वऱ्हाडाला उभे राहायला शेजारची आळी घ्यावी लागते.

ब्रास बँड हा खरा जॅझचा चुलतभाऊ. दोघांचे आजोबा एकच: गोऱ्या साहेबाचा लष्करी बँड. त्याची खूण गणवेशावर उरली आहे. लाल किंवा निळा कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी. आणि सगळ्यांना एकाच मापाचा कोट, कारण वादक दर हंगामाला बदलतात आणि कोट बदलत नाहीत. पुढे बँड मास्तर, मग क्लॅरिनेट आणि ट्रंपेट, मध्ये पोटाशी धरलेले युफोनियम, मागे साइड ड्रम, मोठा ड्रम आणि झांज. हातगाडीवर कर्णे आणि एक गायक असतो. तो पुरुषाच्या आणि बाईच्या अशा दोन्ही आवाजांत गातो आणि दोन्ही ओळखू येत नाहीत.

जॅझचे वैशिष्ट्य म्हणजे ठरलेल्या चालीवर आयत्या वेळी भर घालणे. ब्रास बँडात हे शास्त्र फार पुढे गेलेले आहे. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली पुंगी ही मुळात पुंगी नव्हतीच. कल्याणजी यांनी ती क्लॅव्हिओलिन या विजेवरच्या वाद्यावर वाजवली होती. बँडाने ती क्लॅरिनेटवर घेतली, आणि तेव्हापासून प्रत्येक वरातीत एक तरुण रुमालाची पुंगी करतो आणि दुसरा नव्या पँटसह डांबरी रस्त्यावर लोळतो. लोळणारा किंवा त्याचा हितचिंतक दातांत नोट धरतो. क्लॅरिनेटवाला त्या नोटेकडे पाहून आलाप वाढवत नेतो. नोट हातात येईपर्यंत सम येत नाही. दहाची नोट असेल तर तुकडा आटोपशीर होतो, शंभरची असेल तर तो असे काही स्वर लावतो की ते त्यालाही नवे असतात. शिकागो-न्यूयॉर्कच्या वादकांनी एकल वादनाची लांबी प्रतिभेवर सोडली. वाईत तिला हिशेब आहे.

बँजो पार्टी हा नावाने जॅझचा जवळचा आणि रक्ताने लांबचा नातेवाईक. अमेरिकेतल्या जुन्या जॅझ बँडांत बँजो असायचा, कारण पितळी वाद्यांच्या गलक्यात गिटार ऐकू येत नसे. साताऱ्याकडचा बँजो तो नव्हे. जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये टाइपरायटरसारखी बटणे असलेले तंतुवाद्य बनवले. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले, आणि बुलबुलतरंगाला वीज जोडून टेम्पोवर चढवले की बँजो पार्टी होते. सोबत ऑक्टोपॅड आणि ढोल. याचा आवाज टोकदार असतो. चाल कोणतीही असो, ती या बटणांखालून निघाली की एकाच गाण्यासारखी वाटते, आणि ते गाणे सगळ्यांना पाठ असते.

राहिला डॉल्बी. १९६५ मध्ये रे डॉल्बी नावाच्या अमेरिकी अभियंत्याने लंडनमध्ये कंपनी काढली ती ध्वनिफितीतली खरखर कमी करण्यासाठी. त्याच्या पहिल्या यंत्राचे काम नको असलेला आवाज काढून टाकणे हे होते. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला त्याच गृहस्थाचे नाव मिळाले आहे. ही भिंत दर वर्षी उंच का होते, याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. माणसाच्या कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर विजेची शक्ती साधारण दहापट लागते. पलीकडच्या मंडळाने चार खोकी आणली आणि आपला आवाज दुप्पट व्हावा असे ठरले, तर खोकी आठ नव्हे, चाळीस लागतात. चाळीस खोक्यांना जनरेटर लागतो, जनरेटरला दुसरा ट्रक लागतो, आणि वर्गणीला तिसरे पावतीपुस्तक लागते. शिवाय खर्जाचा आवाज कोपरे वळून आणि भिंती ओलांडून जातो, तार सप्तकाचा अडतो. म्हणून घरात बसलेल्या माणसाला गाण्याचे शब्द, सूर, गायिका यांपैकी काहीही मिळत नाही. फक्त मांडणीवरची भांडी कोणत्या ठेक्यात हलत आहेत एवढे कळते.

पर्याय ठरला की सुपारी द्यायला जायचे. बँडाच्या दुकानावर मालकाचे नाव आणि चार मोबाइल क्रमांक रंगवलेले असतात, आणि त्यांतले तीन लागत नाहीत. इथे गिऱ्हाईक वाद्य ऐकायला मागत नाही. ते माणसे मोजते. "एकवीस माणसांचा बँड" असा सौदा होतो. अनुभवी लोक सांगतात, की एकविसांतले काही जण ऊसतोडीचा हंगाम संपवून आलेले असतात, त्यांच्या हातात ट्रंपेट असतो आणि ट्रंपेटशी त्यांचा परिचय दांड्यापुरता असतो. त्यामुळे गणवेश मोजू नयेत, फुगलेले गाल मोजावेत. दर ठरवताना मास्तर प्रथम आकाशाकडे पाहतो, मग गिऱ्हाइकाच्या चपलांकडे. गिऱ्हाईक म्हणते, "मास्तर, घरचंच कार्य हाय." मास्तर म्हणतो, "म्हणूनच एवढं कमी सांगितलं, आबा." यानंतरची घासाघीस ही दोघांनाही पाठ असते. इसार दिला की वेळ ठरते. वेळ ही वस्तू या व्यवहारात सर्वांत सैल आहे. लग्नसराईच्या दाट तिथीला एकाच बँडला सकाळी परण्या, म्हणजे लग्नाआधीची नवरदेवाची मिरवणूक, दुपारी दुसऱ्या गावचा परण्या आणि रात्री वरात उरकायची असते. दुसऱ्या परण्याला कोरड पडलेला ट्रंपेट ऐकला, की न्यू ऑर्लिन्सच्या अंत्ययात्रेतला जातानाचा भाग कसा असेल याची कल्पना येते.

स्थळाचाही विचार करावा लागतो. कोणते वाद्य घ्यावे हे वाईत निम्मे रस्त्यावर ठरते. ब्राह्मणशाही, धर्मपुरी, गंगापुरी, रामडोह आळी, इथले जुने रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी जोत्याचे वाडे. काळा दगड आवाज पीत नाही, परत पाठवतो. त्यामुळे आळीत वाजवलेला ताशा एकदा वाजतो आणि तीनदा ऐकू येतो. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. आळीत दोन्ही भिंती त्याला धरून ठेवतात आणि तो पार घाटापर्यंत अंग चोरून जातो. घाटावर नदीपात्र मोकळे, तिथे हलगी सुटी आणि सुरेख ऐकू येते. गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पुराचे पाणी फोडण्यासाठी माशाच्या आकारात निमुळती बांधलेली आहे. देऊळ बांधणाऱ्या रास्त्यांनी पाण्याचा बंदोबस्त केला; आवाजाचा करावा लागेल हे अठराव्या शतकात त्यांच्या लक्षात आले नसावे. गंगापुरीत मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. लक्ष्मणशास्त्री जोश्यांनी सर्व विषयांचे ज्ञान अकारविल्हे लावण्याचे काम या गावातून चालवले. अशा कार्यालयावरून वरात जाते तेव्हा आतल्या माणसाची नोंद 'ध' वर असली काय आणि 'ढ' वर असली काय, सारखेच.

बावधनच्या बगाडाचा अपवाद वेगळा नोंदवला पाहिजे. रंगपंचमीला सोनेश्वरहून निघालेले बगाड, म्हणजे जत्रेतला लाकडी गाडा, बैलांच्या जोरावर बावधनला भैरवनाथाकडे ओढत नेतात. तिथे वाद्य माणसांसाठी आहे त्याहून अधिक बैलांसाठी आहे, आणि बैलांनी आजवर कोणत्याही चालीची फर्माईश केलेली नाही.

शेवटी कायदा. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सहा. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. दोन माणसे शेजारी बसून बोलतात ते साठच्या आसपास असते. म्हणजे लग्नातला कोणताही पर्याय, दाजींच्या तक्रारीसकट, मर्यादेबाहेर जातो. रात्री दहानंतर उघड्यावर कर्णा चालत नाही. वर्षातून ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते, आणि ते दिवस सणांचे असतात, घरच्या लग्नाचे नसतात. हा कायदा जॅझलाही सोडत नाही. मुंबईत १९७८ पासून 'जॅझ यात्रा' हा महोत्सव भरू लागला तो धोबी तलावाच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली. जगभरचे वादक तिथे वाजवून गेले. शेजारी रुग्णालये होती; शांतता क्षेत्राचा नियम आला आणि रंगभवनातली गाणी बंद झाली. वाईतल्या तरुण मंडळींना दहाच्या ठोक्याला पोलिसांची गाडी पाहून जो अन्याय वाटतो, तो मोठमोठ्या सॅक्सोफोनवाल्यांनीही सोसलेला आहे.

सगळे पाहता वाईच्या आळीतल्या लग्नाला डॉल्बी घेऊ नये. त्याला जागा नाही, आणि पैशाच्या मानाने त्यात वाजवणारा माणूसही नाही. परण्याला हलगी घ्यावी. वरातीला एकवीस गणवेशांऐवजी दहा-बारा खरे वाजवणारे घ्यावेत, दोन क्लॅरिनेट आणि दोन ट्रंपेट त्यात असावेत, आणि इसार देण्याआधी क्लॅरिनेटवाल्याला दुकानातच एक तुकडा वाजवायला सांगावे. तो तयारीचा असेल तर बाकीचे सांभाळून नेतो. वरात साडेसातला काढावी, म्हणजे नऊला निघते आणि दहाला संपते. वाजवणाऱ्यांना आधी हलके आणि नंतर पोटभर वाढावे, भरल्या पोटी फुंकता येत नाही; आणि त्यांचे उरलेले पैसे "उद्या या" न म्हणता त्याच रात्री द्यावेत.